एक मानसशास्त्रज्ञ, अनेक ग्रामीण शाळा: कामाची घडी बसवण्याचा क्रम

ग्रामीण शाळांवर नेमलेल्या मानसशास्त्रज्ञाचं काम बिघडतं ते बहुधा सुरुवातीच्या क्रमातच. रुजू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक आठ-दहा मुलांची यादी हातात ठेवतात. आपणही उत्साहाने पहिल्या मुलाला बोलावतो. खोली, प्रवासाचा वेळ, गोपनीयतेचे नियम, अडल्यावर सल्ला कुणाला विचारायचा, हे सगळं ‘बघू नंतर’ म्हणून बाजूला राहतं. ते नंतर मग येतच नाही, कारण पहिल्या महिन्यात जे निमूटपणे चालवून घेतलं तीच कामाची रीत होऊन बसते.

एकापेक्षा जास्त शाळा सांभाळणाऱ्यांनी टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत. नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्यांनी आणि संस्थाचालकांनी निदान पहिला आणि सातवा टप्पा वाचावा.

टप्पा १: होकार देण्याआधी कामाचं गणित मांडा

किती शाळा, एकूण किती विद्यार्थी, दोन शाळांमधलं अंतर किती, वाहन कुणाचं, हे आकडे लेखी मागून घ्या. अमेरिकेतली शालेय मानसशास्त्रज्ञांची राष्ट्रीय संघटना ५०० विद्यार्थ्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ असावा असं सुचवते. हे प्रमाण तुमच्या वाट्याला येण्याची शक्यता कमीच, पण तोलायला एक माप हाताशी असलेलं बरं.

मग तासांचा हिशेब करा. समजा, आठवड्याचे ४० तास आहेत. त्यातले प्रवासाला ८, नोंदी-फोन-पत्रव्यवहाराला ६, बैठका आणि सल्लामसलतीला ३ आणि अचानक उद्भवणाऱ्या प्रसंगांसाठी राखीव ४ असे २१ तास वजा केले की १९ उरतात. शाळेचे ३६ आठवडे धरले तर वर्षाचे ६८४ तास. एका मुलाची पूर्ण तपासणी, म्हणजे पालकांची मुलाखत, वर्गनिरीक्षण, चाचण्या, गुणांकन, अहवाल आणि तो समजावून सांगण्याची बैठक, याला बारा तास धरा. म्हणजे वर्षभर दुसरं काहीही न करता ५७ मुलं होतात. समुपदेशन नाही, शिक्षकांना मदत नाही, पालकसभा नाही.

हा कागद वरिष्ठांसमोर ठेवा आणि विचारा, “या ६८४ तासांत आधी काय व्हायला हवं?” ‘काम खूप आहे’ या तक्रारीला उत्तर म्हणून सहानुभूती मिळते. आकड्यांच्या कागदावर मात्र निर्णय घ्यावा लागतो.

नेमणूकपत्रात किंवा सोबतच्या पत्रात एवढं तरी आलं पाहिजे: दोन शाळांमधला प्रवास कामाच्या वेळेत धरला जाईल, प्रवासखर्च कसा मिळेल, चाचण्यांचा संच कोण पुरवेल, व्यावसायिक पर्यवेक्षण (अनुभवी मानसशास्त्रज्ञाने तुमची प्रकरणं तपासून सल्ला देणं) कोण करेल, आणि कोणती कामं तुमच्याकडे येणार नाहीत.

*सावध राहा:* रिकामे तास सांभाळणं, परीक्षेची देखरेख, हजेरीची आकडेवारी ही कामं छोट्या शाळेत हळूहळू सरकत येतात. एखाद्या वेळी मदत करणं वेगळं. पण शिस्तीचं काम कधीही घेऊ नका. ज्या खोलीत सकाळी एखाद्याला रागावण्यासाठी बसवलं, त्या खोलीत दुपारी दुसरा मुलगा मन मोकळं करायला येत नाही.

टप्पा २: जागा आणि वार पक्के करा

खोली मागताना ‘एखादी शांत जागा’ असं मोघम मागू नका. तशी मागणी केली की प्रयोगशाळेचा कोपरा नाहीतर मुख्याध्यापकांच्या दालनामागची अडगळ वाट्याला येते. दार लागणारी, ठरलेल्या दिवशी फक्त तुमच्याकडे असणारी आणि जिच्यातून जाण्यायेण्याची वाट नाही अशी खोली मागा.

मिळालेली खोली तपासण्याची साधी पद्धत आहे. एका सहकाऱ्याला आत बसवून नेहमीच्या आवाजात वाचायला सांगा. तुम्ही दाराबाहेर उभे राहा, मग खिडकीखाली, मग भिंतीपलीकडच्या वर्गात. शब्द कळत असतील तर दाराच्या फटीला कापडाची गुंडाळी लावा, बाहेर पंखा चालू ठेवा, खुर्च्या भिंतीपासून दूर हलवा आणि पुन्हा ऐका. खिडकीच्या काचेच्या खालच्या अर्ध्या भागावर कागद चिकटवा. मुलाचा चेहरा मैदानातून दिसता कामा नये. वरचा भाग मात्र उघडा राहू द्या. पूर्ण बंदिस्त खोलीत एकट्या मुलासोबत बसणं मुलाच्या दृष्टीनेही योग्य नाही आणि तुमच्याही. मुलाची खुर्ची दाराच्या बाजूला ठेवा. उठून जाता येतं हे त्याला दिसत राहिलं पाहिजे.

वेळापत्रक आखताना एका दिवसात तीन शाळांना धावती भेट देण्याचा मोह टाळा. एका दिवशी एकच शाळा, फार तर एकमेकींना लागून असलेल्या दोन. ‘गरज लागेल तेव्हा येईन’ हा प्रकार तर नकोच, कारण मग ज्या मुख्याध्यापकांचा आवाज मोठा त्यांनाच तुम्ही मिळता. ठरलेला वार सूचनाफलकावर लावा. पावसाने किंवा बर्फाने रस्ता बंद झाला तर त्या दिवशी फोनवर कोणती कामं होतील, हेही आधीच ठरवा.

*पुढे जाण्याआधी बघा:* प्रत्येक शाळेत कुलूप लागणारं कपाट आहे का? त्याची किल्ली आणखी कुणाकडे आहे? सगळे फॉर्म कागदावर छापलेले आहेत का? नेटवर्क नसलेल्या शाळेत ऑनलाइन फॉर्मचा काही उपयोग नसतो.

टप्पा ३: पहिले काही आठवडे मोठ्यांसाठी

तातडीचं प्रकरण सोडलं तर पहिले तीन-चार आठवडे मुलांना एकेकटं बोलावू नका. आधी वर्गांत मागच्या बाकावर बसा, शिक्षकांशी बोला, मधल्या सुट्टीत मैदानावर थांबा. कारकून, सफाई कर्मचारी, स्वयंपाकघरातली माणसं, बसचा चालक यांना मुलांबद्दल जे दिसतं ते वर्गशिक्षकाला दिसेलच असं नाही. कोण रोज एकटं खातं आणि कोण घरी जायची वेळ झाली की रेंगाळतं, हे त्यांना पाठ असतं. फक्त ऐका. त्यांच्याकडून मुलांवर पाळत ठेवून घेऊ नका, आणि तुमच्याकडची माहिती त्यांना देऊ नका.

याच काळात मदतीची वही तयार करा. सर्वात जवळचं आरोग्य केंद्र, मनोविकारतज्ज्ञ, कान-डोळे तपासणारी सोय, बालसंरक्षण यंत्रणा, पोलीस ठाणं, तातडीची हेल्पलाइन. प्रत्येकासमोर फोन नंबर तर हवाच, पण त्याहून महत्त्वाच्या चार गोष्टी लिहा: तिथे जायला वाहन कोणतं, खर्च किती, कोणत्या वारी माणूस प्रत्यक्ष हजर असतो आणि पहिली भेट मिळायला किती दिवस लागतात. फोन करून स्वतः खात्री करा. ‘मनोविकारतज्ज्ञांकडे न्या’ असं पालकांना सांगणं सोपं असतं. पण तो डॉक्टर महिन्यातून एकदाच येतो आणि पालकांचा त्या दिवसाचा रोज बुडतो, हे माहीत नसेल तर तो सल्ला कागदावरच राहतो.

टप्पा ४: गोपनीयता, जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात

शहरातल्या प्रशिक्षणात शिकवलेले नियम सर्वात जास्त इथे अडखळतात. वर्गशिक्षिका मुलीची मावशी असते. कारकून पालकांचा शेजारी असतो. तुमचं स्वतःचं मूल त्याच शाळेत शिकत असतं, नाहीतर घरमालकाचा मुलगाच तुमच्याकडे पाठवला जातो.

असे दुहेरी संबंध पूर्ण टाळता येत नाहीत, आणि टाळता आले नाहीत म्हणून आपण अनैतिक वागतोय असंही होत नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेतलं ३.०५ हे कलमच सांगतं की, ज्या दुहेरी संबंधामुळे निर्णयक्षमता बिघडण्याची किंवा समोरच्याचं नुकसान होण्याची वाजवी शक्यता नाही, तो नियमभंग ठरत नाही. तेव्हा प्रश्न असे विचारा: या नात्यामुळे मला अप्रिय गोष्ट सांगायला जड जाईल का? माझ्या निर्णयामुळे मला काही फायदा-तोटा आहे का? मूल माझ्याशी बोलताना त्या नात्याचा विचार करेल का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर ते काम शेजारच्या भागातल्या सहकाऱ्याकडे द्या. तशी अदलाबदल आधीच ठरवून ठेवा. दुसरा कुणी उपलब्धच नसेल तर संबंध काय आहे ते पालकांना उघड सांगा, फाइलमध्ये लिहा आणि पर्यवेक्षकाशी त्या प्रकरणावर जास्त वेळा बोला.

रोजच्या व्यवहारात गुपित फुटतं ते अगदी साध्या गोष्टींतून:

मुलाला वर्गातून बोलावणं. शिपाई दारात उभा राहून “मानसशास्त्राच्या मॅडमनी बोलावलंय” असं मोठ्याने म्हणाला की संपलं. मुलांना तुम्ही इतर कारणांनीही भेटत राहा. वर्गात सत्रं घ्या, गटांना खोलीत बोलावा, म्हणजे तिथे जाणं ही खूण बनत नाही.

नाव वगळून बोलणं. ‘सातवीतली एक मुलगी, वडील नाहीत, मामाकडे राहते’ एवढं म्हटलं की शंभर-दीडशे पटाच्या शाळेत नाव सांगायची गरजच राहत नाही. इयत्ता, कुटुंबाची रचना आणि घटना यांतल्या निदान दोन गोष्टी गाळल्याशिवाय उदाहरण देऊ नका. शिक्षक खोलीत तर उदाहरणच देऊ नका.

बाहेरची भेट. बाजारात किंवा समारंभात पालक “आमच्या पोराचं काय म्हणणं आहे?” असं विचारतातच. एक वाक्य ठरवून ठेवा: “इथे चार कान आहेत, गुरुवारी शाळेत या, निवांत बोलू.” मुलं भेटली तर त्यांनी ओळख दाखवली तरच आपण दाखवायची, आणि हे मुलांना आधी सांगून ठेवायचं.

शाळेचा व्हॉट्सॲप गट. तिथे मुलाचं नाव, फोटो किंवा अहवाल टाकायचा नाही. मुख्याध्यापकांनी तिथे विचारलं तरी उत्तर फोनवर द्यायचं.

गोपनीयतेची मर्यादा पहिल्याच भेटीत, मूल काही सांगण्याच्या आधी, त्याच्या भाषेत सांगा: “तू इथे बोललेलं मी कुणाला सांगत नाही. पण तुला कुणी इजा करत असेल, तू स्वतःला इजा करणार असशील किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, तर मला मदत आणावी लागेल. तेव्हा कुणाला आणि काय सांगायचं, ते मी आधी तुला सांगेन.” मग त्यालाच विचारा, “मी काय म्हटलं, ते तुझ्या शब्दांत सांग बघू.” नुसती मान डोलावली म्हणजे समजलं असं धरू नका.

*सावध राहा:* अत्याचाराचा संशय आल्यावर कळवण्याचं बंधन तुमच्या कायद्यात कसं आहे, कुणाला आणि किती वेळात कळवायचं, हे पहिल्या आठवड्यातच वाचून ठेवा. ‘गावातल्या गावात मिटवू’ असा दबाव प्रतिष्ठित माणसांकडून येतो. कायद्याची तरतूद छापून हाताशी असली की, ‘हे माझ्या मर्जीवर नाही’ एवढं सांगता येतं.

टप्पा ५: चिठ्ठी आधी, भेट नंतर

मुलं तुमच्याकडे येण्याचा रस्ता एकच असावा: अर्ध्या पानाची चिठ्ठी. वऱ्हांड्यात थांबवून सांगितलेलं प्रकरण नम्रपणे चिठ्ठीकडे वळवा. चिठ्ठीत चारच प्रश्न: काय दिसलं, कधीपासून आणि किती वेळा, शिक्षकाने काय करून पाहिलं, पालकांशी काय बोलणं झालं.

‘लक्ष नसतं, आळशी आहे, घरचं वातावरण ठीक नाही’ अशी चिठ्ठी परत पाठवा. चालेल अशी चिठ्ठी ही: ‘दोन महिन्यांपासून फळ्यावरचं उतरवताना ओळी सोडतो. तोंडी उत्तरं बरोबर देतो. पुढच्या बाकावर बसवलं, फरक कमी पडला. आईला माहीत आहे, वडिलांशी बोलणं झालेलं नाही.’ अशा मुलाला तुम्ही बुद्धिमत्ता चाचणीला बसवण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्या. दृष्टी आणि श्रवण तपासल्याशिवाय शिकण्याच्या अडचणीचं निदान करायचं नाही, ही पायरी तपासणीची सोय दूर असलेल्या भागात सर्रास गाळली जाते.

आलेल्या चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करा: जिवाला किंवा सुरक्षेला धोका असलेल्या (आजच बघायच्या); शिक्षण किंवा नाती लक्षणीय बिघडलेल्या (दोन-तीन आठवड्यांत बघायच्या); आणि शिक्षकाला सल्ला देऊन भागेल अशा. तिसरा गठ्ठा सर्वात मोठा असतो आणि अनेक शाळा सांभाळणाऱ्याला तोच तारतो. शिक्षकासोबत बसून अडचण नेमकी करायची, एक बदल ठरवायचा, दोन आठवड्यांनी पुन्हा बघायचं. तुम्ही आठवड्यातून एकदा येता, शिक्षक रोज असतो. हे काम दुय्यम समजणारे मानसशास्त्रज्ञ वर्षअखेरीस न संपलेल्या यादीखाली दबलेले असतात.

चाचण्यांबाबत थोडक्यात. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांची १९९७ ची २५ प्रश्नांची सामर्थ्य-अडचणी प्रश्नावली (मुलांच्या भावना आणि वागणुकीबद्दलची) कागदावर विनामूल्य वापरता येते आणि अनेक भाषांत आहे, पण ती चाळणी आहे, निदान नव्हे. कोणत्याही चाचणीची मानकं, म्हणजे ज्यांच्याशी मुलाच्या गुणांची तुलना होते ते आकडे, कोणत्या मुलांवर बनली ते आधी पाहा. शहरी मुलांवर, वेगळ्या भाषेत प्रमाणित झालेल्या चाचणीचे गुण जसेच्या तसे लिहिणं धोक्याचं आहे. वेळ नाही म्हणून प्रश्न आयत्या वेळी बोलीत भाषांतरित करून विचारले तर ती चाचणी राहत नाही, मुलाखत होते. अहवालात तसंच लिहा.

टप्पा ६: संकटाचा आराखडा, संकट येण्याआधी

संकट बहुधा तुम्ही दुसऱ्या शाळेत असताना येतं. म्हणून प्रत्येक शाळेत निदान दोन मोठ्या माणसांना तयार करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेतला क्रम शिकवायला सोपा आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. त्यांनी समुपदेशन करायचं नाही. मुलाला एकटं सोडायचं नाही, शांतपणे ऐकायचं आणि तुम्हाला फोन लावायचा. तुमचा फोन लागला नाही तर दुसरा कुणाला, हे त्याच कागदावर हवं.

आत्महत्येचा विचार आहे असं वाटलं तर थेट विचारा. विचारल्याने मुलाच्या डोक्यात कल्पना शिरते हा समज खोटा आहे. ‘असं काही करणार नाही’ असं वचन लिहून घेण्याची पद्धत मात्र सोडा. त्याने धोका कमी होतो याला आधार नाही. त्याऐवजी मुलासोबत सुरक्षितता आराखडा करा: धोक्याची खूण काय, आपण स्वतः काय करू शकतो, कुणाकडे जाऊन बसायचं, कोणत्या मोठ्या माणसाला सांगायचं, फोन कुणाला करायचा.

यातली शेवटची पायरी पालकांसोबत करायची असते आणि तीच राहून जाते: घरातली धोक्याची साधनं मुलाच्या हाती लागणार नाहीत असं करणं. शेतीच्या भागात कीटकनाशकं, औषधं आणि जिथे असतील तिथे बंदुका घरात किंवा गोठ्यात सहज सापडतात. “काळजी घ्या” एवढं म्हणून थांबू नका. “ते डबे आत्ता कुठे आहेत? आज संध्याकाळपर्यंत कुठे हलवाल? किल्ली कुणाकडे राहील?” असं विचारा, उत्तर लिहून घ्या आणि दुसऱ्या दिवशी फोन करून खात्री करा.

*बघा:* मुलाला घरी कोण नेणार? धोका असलेलं मूल एकट्याने बसने किंवा सायकलने परत जाता कामा नये. पालक दूर शेतावर किंवा कामावर असतील तर ते येईपर्यंत शाळेत कोण थांबणार, हे आराखड्यात नावानिशी असावं.

टप्पा ७: स्वतःचा आधार लेखी मागा

एकट्याने काम करणाऱ्याचं सर्वात मोठं नुकसान म्हणजे चूक दाखवणारं कुणी नसणं. मुख्याध्यापक तुमची हजेरी पाहतील, पण मुलाबद्दलचा तुमचा निर्णय बरोबर होता का, हे त्यांना सांगता येणार नाही. प्रशासकीय देखरेख आणि व्यावसायिक पर्यवेक्षण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुसरीसाठी अनुभवी मानसशास्त्रज्ञच हवा. प्रत्यक्ष भेट जमत नसेल तर फोनवर, पण ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी आणि कामाच्या तासांत. ‘अडलं तर फोन करा’ ही व्यवस्था नव्हे. बरेचदा आपण अडलोय हेच कळत नाही.

बोलण्याआधी तीन गोष्टी लिहून ठेवा: ज्या प्रकरणात काही हलत नाही ते, ज्याचा विचार घरीही पाठ सोडत नाही ते, आणि ज्यात तुम्हाला फार खात्री आहे ते. तिसरं मुद्दाम. जोडीला शेजारच्या भागातल्या तीन-चार मानसशास्त्रज्ञांचा गट करा. घरच्या माणसांशी प्रकरणं बोलू नका; लहान वस्तीत ते ओळखतातच.

गृहभेटीला शक्यतो दोघांनी जा, कुठे आणि किती वाजेपर्यंत हे शाळेत लिहून जा. फोन घेण्याच्या वेळा ठरवा आणि त्या वेळेबाहेर तातडीचा नंबर कोणता ते पालकांना द्या.

नेमणूक करणाऱ्यांसाठी: माणूस टिकत नाही याचं कारण प्रत्येक वेळी पगार नसतो. पेट्रोलचे पैसे चार-चार महिने अडकणं, प्रशिक्षणाला रजा टाकून जावं लागणं, राहायला घर न मिळणं, यानेही लोक सोडून जातात. यातल्या पहिल्या दोन गोष्टी एका आदेशाने सुटतात.

टप्पा ८: सत्राअखेरचा आढावा आणि हस्तांतर

दर सत्राअखेरीला एक पान लिहा: किती चिठ्ठ्या आल्या, किती जणांना किती दिवस थांबावं लागलं, प्रवासात किती तास गेले, किती मुलांना बाहेरची मदत सुचवली आणि त्यातली किती प्रत्यक्षात पोचली. नावं नकोत, आणि एक-दोनच मुलं असलेले आकडे शाळावार देऊ नका. त्यावरून ओळख पटते. पानाच्या शेवटी एकच मागणी करा. पाच मागण्या केल्या की वरचे लोक सर्वात स्वस्त तेवढी मान्य करतात.

बदली झाली किंवा नोकरी सोडली तर शेवटचा महिनाभर नवीन प्रकरणं घेणं थांबवा. मुलांना शेवटच्या भेटीची तारीख आधी सांगा. अचानक नाहीसा होणारा मोठा माणूस त्यातल्या काहींनी आधीच पाहिलेला असतो. चालू प्रकरणांचा गोषवारा नव्या माणसासाठी बंद पाकिटात ठेवा आणि कोणतं पाकीट कुणाच्या ताब्यात दिलं त्याची सही घ्या. नवा माणूस नेमलाच नसेल तर धोक्याच्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक मुलासाठी शाळेतला एक मोठा माणूस आणि बाहेरची एक सेवा ठरवा, या दोहोंशी पालकांची प्रत्यक्ष भेट घालून द्या आणि मगच कपाटाची किल्ली परत करा.